वॉल्टरच्या छत्तीस तारा

१. कपाट

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी म्युझिक रूमचं कपाट उघडलं आणि इतक्या जोरात किंचाळले की खालच्या मजल्यावर केजीतली दोन मुलं रडायला लागली. (हे मला नंतर कळलं. सॉरी, मुलांनो.)

कपाटात श्रेयाचं स्वरमंडल होतं. चोरीला गेलं नव्हतं, फुटलं नव्हतं. पण त्याच्या छत्तीसच्या छत्तीस तारा ढिल्या पडल्या होत्या. मी एक तार छेडली, तर झंकार सोडाच, साधं टुण्णसुद्धा नाही. तारांखाली कुणीतरी एक पिवळं मऊ फडकं सरकवलं होतं. लाकडावर एक ओरखडा नव्हता. किल्ली, म्हणजे खुंट्या पिळायची ती चिमुकली पितळी किल्ली, पेटीतल्या तिच्या खणात व्यवस्थित ठेवलेली होती.

आणि गुरुवारी आमचं नाटक होतं!

"काय झालं?" श्रेया धावत आत आली.

"श्रे, बघ! कुणीतरी सगळ्या तारा उतरवल्यात. आपलं नाटक बुडवायला निघालंय कुणीतरी!"

तिनं कपाटात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"तू कपाट का उघडलंस?" तिनं विचारलं.

"फोटो काढायला. कार्यक्रमपत्रिकेसाठी. आज फक्त नाचाची तालीम ना, म्हटलं वाद्य मोकळं असेल."

ती खाली बघत राहिली. मी तिचा खांदा घट्ट धरला. "रडू नकोस. मी आहे ना. आज शाळा सुटायच्या आत मी त्याला शोधून काढते."

तेवढ्यात हेमा मिस आल्या. संगीत आणि नाटक दोन्ही त्याच बघतात. त्यांनी तारांवरून बोट फिरवलं, ते फडकं पाहिलं, मग बराच वेळ श्रेयाकडे पाहिलं.

"कपाट बंद कर, तेजस्वी," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ, कुणाचंही नाव घेऊ नकोस."

मिसना धक्का बसलाय, असं मला वाटलं. नाव घेऊ नकोस म्हणे! मग शोधायचं कसं?

२. बिल्ला नसलेला मुलगा

आधी हे सांगायला हवं, की या नाटकावर मी एवढा जीव का टाकत होते.

गेल्या वर्षीपर्यंत वर्गात प्रश्न आला की मी बाकाखाली पडलेलं पेन शोधायला लागायचे. पेन कधी पडलेलंच नसायचं. मग इतिहासाच्या प्रोजेक्टला 'मध्ययुगातलं एक आयुष्य' हा विषय आला. सगळ्यांनी राजे घेतले. मी घेतला वॉल्टर. वॉल्टर म्हणजे मीच घडवलेला चौदा वर्षांचा पोरगा, सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधला फिरता गायक. या जत्रेतून त्या जत्रेत, चिखलातून चालत, पाठीवर सॉल्टरी नावाचं तारांचं वाद्य. गढीवर मेजवानी असली की दिवाणखान्याच्या पार टोकाला, कुत्र्यांच्या शेजारी जागा मिळायची. गाणं आवडलं तर उरलेलं मटण आणि सरदाराचा जुना अंगरखा. नाही आवडलं तर हाडूक, तेही फेकून मारलेलं.

एक गोष्ट वाचून मला फार मजा वाटली होती. अशा गायकाकडे कुठल्या तरी सरदाराचा बिल्ला लागायचा. बिल्ला असेल तर तो अमुकतमुक साहेबांचा माणूस. नसेल, तर भटक्या! त्याला कुणीही हाकलून द्यावं.

"म्हणजे सीपीआर कार्डच की!" श्रेया म्हणाली होती. सीपीआर म्हणजे आमचं इथल्या, आखातातल्या रहिवासाचं कार्ड, बाबांच्या नोकरीवर चालणारं. आम्ही इतक्या हसलो की लायब्ररीतून बाहेर काढलं.

ती वही मी कुणाला दाखवणार नव्हते. श्रेयानं माझ्या दप्तरातून ओढून काढली आणि सरळ हेमा मिसच्या टेबलावर ठेवली. त्याचं नाटक झालं. नाटक अर्थातच इंग्रजीत, लेखन-दिग्दर्शन तेजस्वी, दहावी ब. बावीस जण माझं ऐकायला लागले. मी! मी म्हणायचे, "तू डावीकडून ये," आणि माणसं खरंच डावीकडून यायची.

वॉल्टर श्रेयाच होणार हे ठरलेलंच होतं. तिचे आजोबा मिरजेत तंतुवाद्यं बनवतात. स्वरमंडल त्यांनीच तिला दिलेलं, आणि दिसायला अगदी सॉल्टरीसारखं. नाटकात वॉल्टरचा सरदार मरतो, बिल्ला जातो. ईस्टरच्या आधीच्या उपवासात गढ्यांवर गाणं बंद असतं, तेव्हा असे गायक समुद्रापलीकडे जमून एकमेकांकडून नवी गाणी शिकत. वॉल्टरही जहाजात बसतो. त्याआधी तो गढीवरच्या मैत्रिणीचा निरोप घेतो, हा माझा सर्वांत लाडका प्रवेश. पण मागच्या रविवारी श्रेया म्हणाली, "तेजू, निरोपाचा सीन काढून टाक ना. मला नाही जमत."

"जमेल गं!" मी म्हटलं. जमेल म्हटलं की जमतं, असं मला त्या दिवसांत वाटायचं.

३. चावीची वही

म्युझिक रूमची चावी शाळेच्या ऑफिसातल्या बासितभाईंकडे असते. त्यांच्या टेबलावर एक वही आहे. चावी नेताना सही, देताना सही. राजाचा मुलगा आला तरी सही, असं ते म्हणतात.

"बासितभाई, सोमवारी दुपारी चावी कुणी नेली?"

"क्यूँ? कुछ गायब है?"

"आवाज गायब है," मी म्हटलं. मला वाटलं, काय भारी वाक्य सुचलं.

त्यांनी चष्मा लावला. "पौने दो बजे अथर्व. सवा दो बजे नाझिश. फिर दस कम तीन, आपकी वो दोस्त, श्रेया. साढ़े तीन को वापस. उसके बाद खलास, मैंने ख़ुद ताला लगाया."

तीन नावं. श्रेयाचं मी लगेच खोडलं. स्वतःच्या आजोबांनी दिलेलं वाद्य कोण बिघडवेल? शिवाय त्या वेळी मी खाली बसपाशी उभी राहून तिच्या नावानं हाका मारत होते. पुसायला वगैरे गेली असणार.

उरले दोन. गेल्याच महिन्यात बसमधून नाहीसे झालेले तीन डबे मी शोधून दिले होते. दोन संशयित म्हणजे माझ्यासाठी मधल्या सुट्टीचं काम!

४. अथर्वचा बॅकअप

अथर्व आमचा साउंडवाला. पुण्याचा आहे, आणि हे तो तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. पहिल्या दिवसापासून त्याचं म्हणणं होतं की स्टेजवर वाद्य वाजवू नये, रेकॉर्डिंग लावावं.

"ये, इन्स्पेक्टरबाई," तो समोशाचा तुकडा तोडत म्हणाला. "बेड्या आणल्यास का?"

"सोमवारी पावणेदोनला म्युझिक रूममध्ये काय करत होतास?"

"रेकॉर्डिंग. स्वरमंडलाचे सगळे पीस घेऊन ठेवलेत. बॅकअप."

माझ्या हातातली वहीच खाली पडली. "बॅकअप? वाद्य बिघडायच्या आदल्या दिवशी तुला बॅकअप सुचला?"

"प्रोफेशनल लोकांना सुचतं."

"वाजवलं कुणी?"

"श्रेयानं. आणखी कोण वाजवणार, मी? मी बटण दाबलं. दहा मिनिटांत काम खलास, दोन वाजता मी फुटबॉलला. कोचना विचार."

कोचना विचारलं. खरं होतं. शिवाय छत्तीस खुंट्या पिळायला किती वेळ लागेल याचा मी हिशोब केला होता. एकही तार तुटू न देता, सगळ्या सारख्या ढिल्या करायच्या म्हणजे अर्धा तास तरी हवा. अथर्वला अर्धा तास एका जागी बसवणं देवालाही शक्य नाही.

म्हणजे उरलं एक नाव. आणि खरं सांगते, मला मनातून तेच नाव हवं होतं.

५. पिवळ्या ओळी

नाझिश माझ्याहून वीतभर उंच आहे. कमी बोलते, आणि जे बोलते ते टोचतं. वॉल्टरच्या निवडीला ती आली होती आणि चांगली बोलली होती, हे मी तेव्हाही कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी तिला मी सरदारणीची दासी केलं. एक वाक्य.

दुपारी हॉलमध्ये नाचाची तालीम सुरू होती. मी सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"सोमवारी म्युझिक रूममध्ये काय करत होतीस?"

"प्रैक्टिस."

"एका वाक्याची? पस्तीस मिनिटं?"

"तुम्हारा लिखा हुआ है ना," ती म्हणाली. "समझने में टाइम लगता है."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मला राग आला. तिच्या कोपराखाली फाइल होती. मी ओढली नाही हं, फक्त हात लावला, आणि कागद खाली सांडले. नाटकाची झेरॉक्स. दासीच्या वाक्याला काहीच खूण नव्हती. वॉल्टरच्या ओळी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पिवळ्या रंगवलेल्या!

मी ते कागद हवेत धरले. बावीस जण बघत होते. एक वर्षापूर्वी बावीस जणांनी बघितलं असतं तर मी पडद्यामागे लपले असते. आता माझा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचत होता.

"तुला वॉल्टर व्हायचं होतं! ते मिळालं नाही म्हणून तू श्रेयाचं वाद्य बिघडवलंस. श्रेया वाजवू शकली नाही की तुझा नंबर लागेल. कबूल कर!"

नाझिशचा चेहरा पांढरा पडला. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या मागे उभ्या असलेल्या श्रेयाकडे पाहिलं. मग खाली बसून एकेक कागद गोळा केला.

"जो समझना है, समझ लो," ती म्हणाली.

"तेजू, तिनं नाही केलं," श्रेया म्हणाली.

"मग कुणी केलं?"

श्रेयानं तोंड फिरवलं. पटकन डोळे पुसत ती म्हणाली, "बस कर आता. मी वाद्य घरी नेते. बघते काय होतं ते."

शाळा सुटल्यावर म्युझिक रूममधली पेटी उचलून ती बसकडे गेली. तिच्या चांगुलपणाचं मला कौतुक वाटलं. बिचारी, शत्रूलाही वाचवते! बसमध्ये दोघीतिघींनी माझ्याशी हात मिळवला.

बुधवारी श्रेया शाळेत आलीच नाही.

६. पाचवा प्रवेश

फोन बंद. मेसेज पोहोचत नव्हते. मला वाटलं, रडून ताप आला असेल.

शेवटची तालीम दोन वाजता होती. हेमा मिस हळू आवाजात म्हणाल्या, "आज वॉल्टर नाझिश करेल." मी काही म्हणायच्या आत त्यांनी हातानंच मला बसवलं. मी विंगेत संहिता घेऊन बसले, कुणी अडलं तर ओळ सांगायला.

नाझिश वॉल्टरचा झगा घालून आली. हा झगा श्रेयाच्या आईनं श्रेयाच्या मापानं शिवलेला. नाझिशला तो घोट्याच्या वरच राहायला हवा होता. आला बरोबर घोट्यापर्यंत. मी वाकून पाहिलं. खालची दुमड उसवून चार बोटं लांबी वाढवली होती, आणि टाके काकूंचे होते, तेच बारीक तिरके.

नाझिश एकदाही अडली नाही. इतकंच नाही, 'जत्रेत पाऊस' ही ओळ म्हणताना श्रेया जशी मान वर करून क्षणभर थांबते, तशीच ही थांबली. तिची झेरॉक्स विंगेत पडली होती. मी उचलली. काल मला फक्त पिवळा रंग दिसला होता. समासात पेन्सिलनं लिहिलं होतं, 'इथे थांब', 'वर बघ', 'घाई नको', इंग्रजीत, गोल गोल अक्षरात. ते अक्षर मी पहिलीपासून ओळखते.

पाचवा प्रवेश आला, बंदरावरचा. माझ्या समोर माझीच ओळ होती: वॉल्टर सॉल्टरीच्या तारा एकेक करून उतरवतो, तारांखाली मऊ कापड सरकवतो, मग वाद्य पेटीत ठेवतो.

ही कल्पना माझी नव्हतीच. फेब्रुवारीत मी श्रेयाला विचारलं होतं की जहाजात बसण्याआधी वॉल्टर काय करेल. ती म्हणाली होती, "तारा उतरवेल. आमच्या आजोबांकडून वाद्य लांब निघालं की तसंच करतात. ताणलेलं वाद्य प्रवासाला पाठवायचं नसतं." मी ते लिहून घेतलं होतं आणि पार विसरून गेले होते.

मी ती ओळ पुन्हा वाचली.

तारा तोडायच्याच असत्या तर कुणीही कात्रीनं दोन सेकंदांत तोडल्या असत्या. इथे कुणीतरी अर्धा तास बसून, एकही तार न दुखावता, मायेनं त्या उतरवल्या होत्या. शिवाय शेवटची चावी श्रेयानं घेतली होती. नाझिशनं तिच्या आधी काही बिघडवलं असतं, तर श्रेयाला ते सोमवारीच दिसलं नसतं का? मी तिचं नाव खोडलं, कारण ती माझी मैत्रीण होती. दुसरं कारणच नव्हतं. आणि ते रेकॉर्डिंग, तो वाढवलेला झगा, हे समासातले शब्द... जो कुणी होता, त्याला सोमवारीच माहीत होतं की गुरुवारी स्टेजवर श्रेया नसेल, तिचं वाद्यही नसेल. त्याला नाटक बुडवायचं नव्हतं. तो एकटा, गुपचूप, नाटक तगवत होता.

मी उठले आणि तालमीच्या मधोमध नाझिशपाशी गेले. मिसनी मला थांबवलं नाही.

"श्रेयाचं विमान किती वाजताचं आहे?" मी विचारलं.

नाझिशनं घड्याळाकडे पाहिलं. "सात बजे. साढ़े तीन को घर से निकलेंगे."

घड्याळात दोन पंचवीस झाले होते.

७. सतरावं राउंडअबाउट

मी बाबांना फोन केला. त्यांचं ऑफिस सीफ भागात. ते पंधरा मिनिटांत आले, टाय सुटलेला. मी दार उघडतानाच सगळं सांगून टाकलं.

"मयुरेशची कंपनी माणसं कमी करतेय हे ऐकलं होतं," बाबा गाडी वळवत श्रेयाच्या बाबांबद्दल म्हणाले. "पण इतक्यात जातील असं नव्हतं वाटलं. कुणाला बोललाच नाही तो."

"मलापण कुणी बोललं नाही!" मी ओरडले. त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

श्रेया हमद टाउनला राहायची, आणि तिथे पत्ता म्हणजे राउंडअबाउटचा, गोल चौकाचा नंबर. मी मोजत होते. दर वळणाला वाटत होतं, हे सतरावं असावं, आणि ते जेमतेम दहावं, नाहीतर तेरावं असायचं.

दार सताड उघडं होतं. हॉलमध्ये सोफा नव्हता, पडदे नव्हते, भिंतीवर टीव्हीच्या जागी चौकोनी डाग. दोन माणसं वॉशिंग मशीन बाहेर नेत होती. मयुरेशकाका बॅगांना दोरी बांधत होते. मला बघून ते ओशाळले, मग जबरदस्तीनं हसले.

"ये की, तेजस्वी. बस म्हणलं असतं, पण खुर्चीच नाही बघ."

काकूंनी कागदी कपात चहा दिला. "कप सगळे पॅक झाले गं," असं म्हणून त्या आत गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत.

श्रेया आतल्या खोलीत बॅगेवर बसून चेन ओढत होती. शेजारी स्वरमंडलाची पेटी. तिनं वर पाहिलं आणि तिला कळलं की मला कळलंय.

"तूच उतरवल्यास," मी म्हटलं.

"आजोबा फोनवर म्हणाले, दोन दिवस आधी उतरव, म्हणजे लाकूड निवांत होतं. सोमवारी घरी आणणार होते. पण तू खालून हाका मारत होतीस. पेटी घेऊन आले असते तर काय सांगितलं असतं तुला?"

"खरं!"

"सांगणार होते. शनिवारी फोन केला होता ना मी? तू तासभर दिव्यांबद्दल बोलत होतीस. निळा की जांभळा."

मला आठवलं. जांभळा ठरला होता.

"नाझिशला बरं सांगितलंस."

"तिला सांगावंच लागलं. तिच्याशिवाय वॉल्टर कोण करणार होतं?" मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि ती ऐकून घेते, तेजू."

मी भिंतीला टेकून खाली बसले. फरशी धुवून काढलेली, ओलसर होती.

"बाबांनी शपथ घातली होती," ती म्हणाली. "लोक येतात, हळहळतात, पुढे काय म्हणून विचारतात. पुढे काय ते त्यांनाच माहीत नाही. कार्ड रद्द झालं. म्हणाले, शेवटच्या दिवसापर्यंत नेहमीसारखं राहू या. आणि तुला कळलं असतं तर तू नाटक रद्द केलं असतंस."

"केलंच असतं! तुझ्याशिवाय कसलं नाटक!"

"म्हणूनच ना. किती मुश्किलीनं तू चार लोकांसमोर उभी राहून बोलायला लागलीस. ते माझ्यामुळे बंद नको पडायला."

"काल बोलले की," मी म्हटलं. "बावीस लोकांसमोर. नाझिशला..."

"हो. आणि मी मागे उभी राहून गप्प बसले." ती रडायला लागली होती. "मला सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. तिनं मात्र माझं गुपित राखलं. तू माफी माग तिची, तेजू. जिथे बोललीस तिथेच. त्याच बावीस जणांसमोर. माझीपण माग. मला आता तिथे येता येणार नाही."

मी मान हलवली. मला खूप काही म्हणायचं होतं. मी लेखिका आहे ना, निरोपाचा अख्खा प्रवेश लिहिला होता मी! त्यातलं एक वाक्य आठवेना.

बाहेर हॉर्न वाजला. कंपनीच्या व्हॅनचे ड्रायव्हर रावजीमामा, मालवणचे, दारातून डोकावले. "चला गो बायांनू, यल्ला. एअरपोर्टार गर्दी आसतली."

बॅगा गेल्या. काकू गेल्या, माझ्या गालाला हात लावून. श्रेया खिडकीपाशी बसली. स्वरमंडलाची पेटी तिनं मांडीवर आडवी धरली होती, दोन्ही हातांनी, कारण डिकीत जागा नव्हती. त्यामुळे मिठी मारता येईना. मी खिडकीतून हात घातला. तो पेटीवरच टेकला. तिचा हात माझ्या हातावर आला, पण पेटी घसरायला लागली आणि तिला तो काढून घ्यावा लागला.

"जांभळा चांगला दिसेल," ती म्हणाली.

व्हॅन सतराव्या राउंडअबाउटला वळली. मी मागे पळाले नाही. बाबा शेजारी येऊन उभे राहिले. ऊन इतकं होतं की रस्ता पाण्यासारखा हलत होता, आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे व्हॅन नेमकी कधी दिसेनाशी झाली ते मला कळलंच नाही.

८. हजेरी

गुरुवारी मेकअप चालू असताना मी खुर्चीवर उभी राहिले. बावीस नाही, एकवीस जण होते.

"मंगळवारी मी नाझिशला जे बोलले ते खोटं होतं," मी म्हटलं. "तिनं काही बिघडवलं नाही. ज्या गोष्टीला मी बिघडवणं म्हणाले, ती श्रेयाची परत जायची तयारी होती. नाझिशला माहीत होतं. श्रेयाला शब्द दिला होता म्हणून ती माझं सगळं ऐकून घेत गप्प राहिली. मी माफी मागते. श्रेयाच्या वतीनंपण."

नाझिश आरशात बघून गालाला चिखलाचा रंग लावत होती. ती वळली नाही.

"ज़ोर से बोलो," ती म्हणाली. "पीछे वालों को सुनाई नहीं दिया."

मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. अथर्व दारात केबल घेऊन उभा होता. "बॅकअपची आयडिया पण तिचीच होती," तो म्हणाला. "मी उगाच भाव खाल्ला."

नाटक झालं. नाझिशच्या हातात पुठ्ठ्याची सॉल्टरी होती आणि आवाज स्पीकरमधून येत होता. सोमवारी पावणेदोनला श्रेयानं वाजवलेला. एका ठिकाणी तार छेडण्याआधी तिचा श्वास ऐकू येतो. अथर्वनं तो कापला नव्हता. निरोपाच्या प्रवेशाला पालक रडले आणि टाळ्या वाजत राहिल्या. मला स्टेजवर बोलावलं. मी गेले, वाकले, हसलेसुद्धा. फोटोत मी छान दिसते.

नंतर पायऱ्यांवर नाझिश माझ्याशेजारी येऊन बसली, झगा गुडघ्यांवर गोळा करून.

"तुम्हें लगता है सिर्फ़ तुम्हारी दोस्त थी वो," ती म्हणाली.

पहिल्यांदाच मी नुसतं ऐकून घेतलं. आम्ही बस येईपर्यंत तिथेच बसलो.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, नव्या सत्राची पक्की यादी आली. आतापर्यंत कच्च्या यादीवरच हजेरी चालली होती. आमच्या वर्गात नंबर नावांच्या क्रमानं लागतात. श्रेया, मग तेजस्वी. पहिलीपासून असंच. ती एकतीस, मी बत्तीस. परीक्षेला ती पुढे, मी मागे, लॅबमध्ये एकच टेबल. हजेरीच्या वेळी मी एकतीस ऐकायचे, तिचा आवाज ऐकायचे, मग तयार व्हायचे.

मिस नंबर म्हणत होत्या. एकोणतीस. तीस.

"थर्टी-वन."

मी शेजारी पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं. वर्ग थांबला. मिसनी वहीवरून मान उचलून चष्म्याआडून पाहिलं आणि पुन्हा म्हणाल्या, "थर्टी-वन?"

मागच्या बाकावरून नाझिशनं माझ्या पाठीला हळूच बोट लावलं. "तुम हो," ती म्हणाली.

मी उभी राहिले.

"प्रेझेंट, मिस."